बोंबलाच्या गळ्यातला पट्टा

मी एक जुना चामड्याचा पट्टा आहे, मित्रांनो. आता दाराजवळच्या खिळ्याला लटकून असतो. माझं चामडं कडक झालंय, बक्कल गंजलंय. येणाजाणाऱ्यांचं माझ्याकडे लक्ष जात नाही, आणि गेलंच तर घरातलं कुणीतरी पटकन विषय बदलतं.

कल्याणच्या बाजारात शिवराम नावाच्या कारागिराने मला कापलं, शिवलं, तेल पाजलं. ठाण्यातल्या बाळकुमच्या गोपीनाथआजोबांनी मला विकत घेतलं. त्यांच्या शेतात आता टॉवर उभे आहेत आणि त्यातल्याच एकाच्या तळमजल्यावर त्यांचं घर. घरी नुकतंच कुत्र्याचं एक मरतुकडं पिल्लू आलेलं. मासळीवर जीव टाकणाऱ्या त्या घरात त्याचं नाव पडलं बोंबील. पुढे गोदाआजीच्या हातचा भात खाऊन हे महाशय असे सुटले की माझं एकेक भोक मागे पडत गेलं. पोरं चिडवायची, ‘हा कसला बोंबील, हा तर जाडजूड घोळ मासा!’ आजोबा मात्र मला घासूनपुसून चकचकीत ठेवत आणि बोंबलाला घेऊन ऐटीत फिरत. ते माझे सुखाचे दिवस.

मग आजोबांच्या पोटात गाठ निघाली. मुलगा मयूर आईला म्हणाला, “साधी गाठ आहे, आई. होईल बरी.” ती साधी नव्हती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, एका गोदाआजीला सोडून. डॉक्टरांनी हात टेकले होते, म्हणून ऑपरेशनचं कुणी नाव काढलं नाही; आजीला मात्र बरंच वाटलं. आजोबा गेले त्या दिवशी तिला मयूरचं खोटं कळलं.

त्यानंतर काही वर्षांनी माझ्या कडेला, बोंबलाच्या मानेवर, मला काहीतरी मऊ लागू लागलं. दाबलं की कातडीखाली सरकायचं. सर्वांत आधी कळलं ते मला. पण पट्ट्याचं कोण ऐकणार? मयूरच्या हाताला ते लागलं तेव्हा तो आम्हाला माजिवड्याला प्राण्यांच्या डॉक्टर दर्शनाताईंकडे घेऊन गेला. त्यांनी सुई टोचून तपासलं.

“चरबीची गाठ आहे. कापायची गरज नाही,” त्या म्हणाल्या. “त्याचं वय झालंय, उगाच भूल कशाला द्यायची? जेवण कमी करा, रोज चालवा. गाठ भराभर वाढली किंवा कडक झाली तर लगेच आणा. आणि हा पट्टा जरा सैल बांधा, म्हणजे घासणार नाही.”

मयूर हसतच घरी आला. “आई, साधी गाठ आहे गं!”

भात कालवणारा आजीचा हात थांबला. “तवा पन हेच बोललास.”

“आई, या वेळी खरंच साधी आहे.”

“मंग आपरेशन का नाय करत? हात टेकलं डाक्टरनी, तू मना सांगत नाय.”

मयूरने खूप समजावलं. आजीने मान डोलावली आणि करायचं तेच केलं. एरंडाचं पान गरम करून गाठीवर बांधलं. जाणाऱ्या जिवाला उपाशी कशाला ठेवायचं, म्हणून भातावर आणखी भात वाढला. आणि एक दिवस माझं बक्कल सोडलं. “या पट्ट्यानीच गला आवलला त्याचा,” म्हणाली. मित्रांनो, मला फार लागलं ते. मी त्याला कधी आवळलं नव्हतं.

थोड्याच दिवसांत शेजारच्या गल्लीत लग्नाची हळद होती. संध्याकाळी बेंजोचा ताफा वाजू लागला आणि फटाक्यांची माळ लागली. दार उघडंच होतं. बोंबील घाबरून उठला आणि बाहेर धावला. मयूरने झेप घेऊन त्याची मान पकडली, पण धरायला मानेत काहीच नव्हतं. हातात आली ती फक्त मऊ गाठ, आणि तीही निसटली. मी समोरच खिळ्यावर होतो.

त्याला शोधायला मयूर पार शीळफाट्यापर्यंत जाऊन आला. बिनपट्ट्याचा कुत्रा कुणाचा, हे कोण सांगणार? डॉक्टरताई घरी येऊन गेल्या. “आजी, त्या गाठीने त्याला काही झालं नसतं हो,” म्हणाल्या. तेव्हा कुठे आजीला खरं पटलं, आणि ती पदर तोंडाला लावून रडली.

अजूनही दिवस कलला की ती गेटवर उभी राहून “बोंबील, बोंबील” अशा हाका मारते. वरच्या मजल्यांवर नवीन राहायला आलेल्यांना वाटतं, कोळीण आली. कुणीतरी खिडकीतून भाव विचारतं.

मित्रांनो, तुमच्या कुत्र्याच्या अंगावरून रोज हात फिरवा. गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवा. कापायचं नाही म्हणाले, म्हणजे आशा सोडली असं नव्हे. जेवण कमी करणं, रोज चालवणं, गाठीवर लक्ष ठेवणं हेही औषधच असतं, ते नीट पाळा. आणि घरातल्या माणसाचं दुखणं घरातल्या माणसापासून लपवू नका. गोदाआजीला तेव्हा खरं सांगितलं असतं, तर या वेळी तिने खऱ्यावर विश्वास ठेवला असता.