दोन मोकळ्या सऱ्या

आत्या म्हणाल्या, "उद्या होडीनं टेकाडावर जायचंय. चल." मी बरं म्हटलं. त्या दिवसांत कुणी काहीही म्हणो, मी बरंच म्हणत होते. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, सिंधुबाई. वरकुट्यात त्यांच्या तोंडाला सगळे वचकून असतात. माझ्याशी मात्र दोन महिने त्या दबक्या आवाजात बोलत होत्या आणि त्याचाच मला राग यायचा. बाकी काही यायचं नाही. रडूसुद्धा.

आषाढात, सातव्या महिन्यातच माझं बाळंतपण झालं. मुलगी होती, एवढंच कळलं. मी बारामतीच्या दवाखान्यात गुंगीत पडलेली असताना माझे यजमान युवराज आणि त्यांचे चुलते तिला दुपट्यात गुंडाळून घेऊन गेले. तान्ह्या लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात. कुठं, ते पुरुषांनाच ठाऊक. आईनं विचारायचं नसतं, म्हणजे तिचा जीव तिथं अडकत नाही म्हणे. माझा तर कुठंच अडकला नव्हता. दूध मात्र आलं. आत्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून छाती आवळून बांधली, आणि चार दिवसांनी तेही थांबलं.

मग मी भांडायला कारणं शोधू लागले. श्रावणात रानात ऊस लावला, तेव्हा युवराजांनी विहिरीकडच्या कोपऱ्यात दोन सऱ्या मोकळ्याच सोडल्या. एरवी बांधाची वीतभर जागा न सोडणारा माणूस! जेवताना मी म्हटलं, "बेणं संपलं का अंगात आळस भरला? निदान मेथी तरी टाका तिथं." ते भाकरी मोडत राहिले. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले.

उजनीच्या पाण्याकाठी चिटपाखरू नव्हतं. फ्लेमिंगो बघायला गाड्या भरून लोक येतात ते थंडीत. आता होड्या पालथ्या पडल्या होत्या, चहाची टपरी ताडपत्रीत बांधलेली होती. म्हातारे गोकुळतात्या तेवढे आमची वाट बघत बसलेले. इंजिन त्यांनी काढून घरी ठेवलं होतं. खताची पोती उसवून शिवलेलं शीड त्यांनी बांबूवर चढवलं.

"जाताना वारं नेतंय," ते म्हणाले. "येताना मातुर वल्हवावं लागंल."

शीड फुगलं आणि होडी मुकाट्यानं निघाली. अर्ध्या वाटेत आत्यांनी पाण्याकडं बोट दाखवलं. "हितं आपलं घर हुतं." धरण भरलं तेव्हा त्यांचं जुनं गाव पाण्याखाली गेलं, ते मी ऐकून होते. गावामागचं टेकाड तेवढं वर राहिलं, त्याचंच हे बेट. मी खाली बघितलं. गढूळ पाणी होतं. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असं मात्र वाटलं.

बेट कसलं, एकराचंही नसेल. गवत, चारदोन बाभळी, गेल्या हिवाळ्यातली एक पाण्याची बाटली. आत्या नीट एका बाभळीखाली गेल्या. तिथला काळा दगड त्यांनी पदरानं पुसला आणि शेजारी मांडी घालून बसल्या.

"माझा पयला ल्योक," त्या म्हणाल्या. "बारा दिसांचा हुता. हितं ठेवला त्याला."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. "ह्या दगडापाशी?"

"काय म्हाईत." त्यांनी दगडाशेजारचं गवत उपटलं. "टेकाडावर ठेवलाय, एवढं सासूच्या तोंडनं कळलं. ह्यांना एकदा इचारलं, तर म्हनले, कशाला पायजे तुला? मग न्हाय इचारलं. गाव उठलं तवा देव नेले, जातं नेलं. ह्येला कोन नेनार? वाटायचं, म्हातारपनी तरी सांगतील. नऊ वर्सामागं ते बी गेले. मग म्या हितं आले आन ह्यो दगुड ठरवला. सावलीत हाय म्हून. थंडीत येत न्हाय. लोकं ह्याच्यावर बसून फोटू काढत्यात."

माझं डोकं फिरलं. "मग मला कशाला आणलंत? मीपण एखादा दगड निवडू?"

"न्हाय!" दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा खरा आवाज ऐकला. "तुझा नवरा जित्ता हाय. लाव फोन. इचार."

"ते सांगणार नाहीत."

"मी बी असंच म्हनत बसले."

मी फोन लावला. पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज होता.

"अहो, तिला कुठं ठेवलं?"

ट्रॅक्टर बंद झाला. 

"आई हाय का जवळ?" त्यांनी विचारलं.

"आहेत. त्यांनीच विचारायला सांगितलं."

"विहिरीकडच्या कोपऱ्यात," युवराज म्हणाले. "त्या दोन सऱ्या. तितं ऊस लावायला हात धजला न्हाय."

"मी मेथी टाका म्हटलं होतं."

"व्हय."

त्यानंतर माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून गोकुळतात्या होडीत उठून उभे राहिले. आत्यांनी त्यांना हातानंच बसायला सांगितलं. त्या माझ्याजवळ आल्या नाहीत, गप्प बस म्हणाल्या नाहीत. एक हात दगडावर ठेवून बसून राहिल्या, मी थांबेपर्यंत.

"सांगितलं?" मग त्यांनी विचारलं.

"विहिरीपाशी. त्या दोन सऱ्या."

"बापावर न्हाय गेला," आत्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

परतताना वारा समोरून होता. शीड उतरवून गोकुळतात्या एकटेच वल्हवत होते आणि होडी जागची हलत नव्हती. मी दुसरं वल्हं उचललं. मला येत नव्हतं, तरी मारत राहिले. दिवस मावळायच्या आत मला रानात पोचायचं होतं.