वैदेहीबाईनं सही केली का?

मी बोलतोय. पण आधी कुणीतरी माझ्या थोबाडीत मारा, त्याशिवाय माझा गळा खुलत नाही. उजव्या अंगाला, आवाजाच्या जाळीच्या जरा वर. हां, आता ऐका.

मी दिंद्रुडच्या कल्याणरावआप्पांच्या किराणा दुकानातला डबडा टीव्ही. पाठीला कुबड, पुढं पोट, आणि वजन असं की मला उचलताना दोन सख्ख्या भावांची भांडणं व्हावीत. माजलगावहून टेम्पोत बसून आलो, तेव्हा आप्पांनी माझ्यापुढं नारळ फोडला आणि निम्मं पाणी माझ्याच नाकात घातलं. माझ्या निम्म्या खोडी त्या पाण्यानं लागल्या असाव्यात. उरलेल्या माझ्या स्वतःच्या.

शिक्षण माझं अर्धवट. इंग्रजांचा इतिहास सुरू व्हायचा आणि लाईट जायची. परत यायची तेव्हा भजी तळणं चालू असायचं. त्यामुळं इंग्रज नेमके गेले कसे ते मला अजून माहीत नाही, पण भज्यात ओवा लागतो हे पक्कं ठाऊक आहे.

आता माझं एक दुखणं सांगतो, कुणाला हसू येणार असेल तर हसा. सगळं जग मला बघतं, पण मी काय दाखवतो ते मला दिसत नाही. माझी काच बाहेर, माझी नजर बाहेर. आवाज तेवढा आतून ऐकू येतो. मला दिसतात ती तुमची तोंडं. साखर तोलताना आप्पांचं तोंड असं उघडं राहायचं की गिऱ्हाईकानं आत डोकावून दाढा मोजाव्यात. त्यांची बायको गंगासागरकाकू शेंगदाण्याच्या पोत्यावर बसायची आणि रडण्याचा प्रसंग आला की जास्त शेंगदाणे खायची. माणसं दुःखात एवढी का चावतात, याचा मी बरीच वर्षं विचार केला.

दुकानाच्या पायरीवर मनकर्णा बसायची. तिचा नवरा गहिनीनाथ मेंढरं राखतो. तो काठीला टेकून एका पायावर उभा, ती लोकर कातत बसलेली. मला झटका येऊन चित्र गेलं की आप्पा बडवायचे, काकू बडवायची, मी ढिम्म. मग काकू हाक मारायची, "मनकर्णे, ये गं, तुझ्या हाताशिवाय ह्यो मुडदा हालत न्हाई." ती यायची, मेंढीच्या पाठीवर द्यावी तशी एक चापट द्यायची, आणि मी लख्ख. शहादेव मेकॅनिकनं मला तीनदा खोलून बघितलं. त्याला काही सापडलं नाही. बाईचा हातच तसा होता, त्याला मी काय करणार?

मग 'राजशिष्टाई' नावाची मालिका आली. रोज दुपारी दोनला, आणि त्या वेळी दुकानात मीठ मागायची सोय नव्हती.

तिच्यात वैदेही कारखानीस नावाची बाई होती, परदेशात आपल्या देशाच्या वतीनं बोलणारी. पहिली नेमणूक एका बर्फाळ देशात, काम म्हणजे राजदूतसाहेबांची छत्री धरणं. तिथं तिनं जेवणावळीत दोन हाडवैरी शेजारी शेजारी बसवले, म्हणून शिक्षा झाली आणि रवानगी एका बेटावर, एक कारकून आणि एक पंखा एवढ्या कचेरीत. तिथनं तिनं परक्या कैदेत अडकलेले आपले कोळी सोडवले, आवाज न चढवता. कोळी धरून ठेवणाऱ्या देशाच्या राणीसाहेबांना हवं असलेलं औषध आपल्याकडं आहे, एवढं तिनं आधी शोधून ठेवलं होतं. "बोलायच्या आधी बघा, आपल्यावाचून त्याचं काय अडलंय," असं ती म्हणायची. पुढं राजदूत झाली, आणि शेवटी दिल्लीत परराष्ट्र खात्याची सगळ्यात मोठी अधिकारी.

आणि मी तिला बघितलंच नव्हतं. वर्षभर ती माझ्या पोटात राहत होती, पण नाक कसं, कपाळ केवढं, काही पत्ता नाही. ती हसली की काकूच्या गालाला खळी पडायची, त्यावरनं मी अंदाज बांधायचो.

शेवटाला मोठा पेच आला. मंत्रीसाहेबांना शेजारच्या देशाशी करार हवा होता. त्यात सरहद्दीवरच्या एका गावाची विहीर तारेपलीकडं जाणार होती. वैदेहीनं सही करायची, नाहीतर खुर्ची सोडायची. त्या गावच्या विहिरीसाठी आप्पा उपरण्यानं डोळे पुसायचे.

त्याच आठवड्यात आप्पांनी आपल्या वावराला काटेरी तार ओढली.

झालं एवढंच होतं की गहिनीनाथच्या एका मेंढीनं आप्पांच्या तुरीचे शेंडे खाल्ले. पण त्या बांधावरनंच मेंढरांची तलावावर जायची वाट. ती बंद. सडकेनं वळसा घालायचा तर दुपार जाते, आणि कोकरं नुकती जन्मलेली. भांडण झालं. आप्पांनी रागानं मला उचलून फिरवलं, तोंड आतल्या भिंतीकडं. पायरीवरच्यांना आता नुसता आवाज.

आता माझी लबाडी सांगतो. आतल्या भिंतीला काचेचं कपाट होतं. मी फिरलो, आणि त्या काचेत मला मीच दिसलो, आणि माझ्यात ती. वैदेही. मधोमध भांग, रुंद कपाळ, सही करायचा हात नेमका उलटा. मी इतका हरखलो की सहा दिवस एकदाही झटका घेतला नाही. दुकानातले म्हणाले, टीव्ही सुधारला. पायरीवर मनकर्णा नुसतं ऐकत बसायची, आधी मी ऐकायचो तशी, आणि मी तिकडं पाठ करून मजेत होतो.

शेवटचा भाग आला. दुकान गच्च भरलेलं. पायरीवरनं मनकर्णाचा आवाज आला, नवऱ्याशी बोलत होती, हळू.

"दोन कोकरं वाटंतच बसली आज. उटलीच न्हाईत. उद्या पान्यासाटी आष्टीकडं निगावं लागतंय."

"कोकरं चालत्याल का तितवर?"

"न्हाई चालत."

तेवढ्यात वैदेहीनं पेन उचललं. आणि माझं चित्र गेलं.

मुद्दाम केलं का, असं विचारू नका. म्हाताऱ्याला असले प्रश्न विचारत नसतात. आप्पांनी बडवलं, काकूनं बडवलं, एकानं चप्पल काढली. मी ढिम्म. इतक्यात जाहिराती लागल्या, त्याचा आवाज आला.

"मनकर्णे, ये बाई लौकर," काकू ओरडली.

"हितंच बरी हाय मी, काकू."

"आगं, बाई सही करतीय का न्हाई ते बघायचंय की."

"मला नुसतं ऐकायची सवय लागलीय आता."

आप्पा उठले. "मनकर्णा, कावून अडवतीस? एवडी चापट मार, मग बघू तारेचं."

"'बघू' नको, आप्पा. पक्कड द्या."

"कसली पक्कड?"

"त्या खिळ्याला टांगलीय ती. तार तोडायची. आदी पक्कड, मग चापट."

दुकानात कुणी हसलं नाही, पण सगळ्यांच्या माना आप्पांकडं वळल्या. आप्पा म्हणाले, "मेंढरं माज्या तुरीत शिरली म्हणून तर तार ओढली."

"शिरली. एक शिरली. तिला बांधून ठिवली तवापासनं," गहिनीनाथ म्हणाला.

इथं काकूनं शेंगदाणे खाली ठेवले. हे मी पहिल्यांदाच ऐकलं, तोंड रिकामं ठेवून ती बोलली. "अवो, तूर निगाली की दर साली ह्यांचीच मेंढरं आपल्या वावरात बसवतो न्हवं आपण, खतासाटी? औंदाबी सांगून ठिवलंय तुमी. ती येनार कुटनं? तारेवरनं उडत?"

आप्पांचं तोंड उघडलं ते साखर तोलायच्या वेळेसारखंच राहिलं असणार. मेंढरं बसवायची सुपारी दिलेली, मोबदल्याची ज्वारी ठरलेली, आणि मेंढरांची वाट स्वतःच तारेनं शिवून टाकलेली. त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

खिळ्यावरनं पक्कड निघाल्याचा आवाज मी ऐकला. "धर," आप्पा म्हणाले. "बांधाकडची तोड. बाकीची ऱ्हाऊ दे."

"बाकीची कशाला तोडू? तूर तुमची हाय," गहिनीनाथ म्हणाला.

पक्कड घेऊन तो पळाला. पण मनकर्णा काही लगेच उठली नाही. तिनं वैदेहीचे सगळे भाग ऐकले होते. वावर दुकानाच्या मागंच. तिकडनं "तुटली रं" अशी हाळी आली, तेव्हा ती आत आली आणि तिनं मला चापट दिली.

मी लख्ख झालो. काचेच्या कपाटात बघितलं तर खालून वर नावं सरकत होती. कपडेपट, प्रकाशयोजना, आभार. मालिका संपली होती.

सगळे मनकर्णावर चिडले, मग माझ्यावर, मग एकमेकांवर. चित्र नव्हतं तेव्हा एक दार लागल्याचा आवाज आला होता, तेवढाच पुरावा. आप्पा म्हणतात, सही करून बाहेर पडली. काकू म्हणते, खुर्ची सोडून बाहेर पडली. आप्पांनी त्याच दिवशी मला परत पायरीकडं फिरवलं. माझं कपाट गेलं. वैदेही मी पुन्हा बघितली नाही.

आता दुकानात भिंतीला चिकटलेला, पापडासारखा टीव्ही आलाय. मला मनकर्णानं मागून घेतलं. तिच्या पालात मी कोपऱ्यात असतो, ना विजेची तार ना डिशची छत्री. डोक्यावर कोंबडी बसते. सकाळी मनकर्णा माझ्या काळ्या काचेत बघून कुंकू लावते. मधोमध भांग, रुंद कपाळ. मी गप बघून घेतो. मेंढरं मात्र समोरनं तलावाकडं जातात, आणि बांधावरच्या त्या फटीला आता सगळं दिंद्रुड वैदेहीची खिंड म्हणतं.

एवढंच मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी तो शेवटचा भाग बघितला असेल, तर इकडं येऊन माझ्या कानात सांगा, तिनं सही केली का. मनकर्णाला विचारून काही उपयोग नाही. मी तिच्याकडनं ऐकलंय ते एवढंच, कोंबडीला हाकलता हाकलता ती म्हणाली, "करंल कशी? त्या गावच्या हिरीवर कोकरं हुती की."