वडाचे दोरे

शिल्पाचं तोंड वाईट, हे पालिकेत शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. नांदेड-लातूरच्या शिवेवरचं हे तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, सांगितलं तर तिथल्या बायका भांडायला दारात येतील. शिल्पा तिथं उद्यान विभागात पर्यवेक्षक, म्हणजे रस्त्याकडेची सगळी झाडं तिच्या अंगावर. कुणी निंबाला खिळे ठोकून क्लासची पाटी लावली, की ही बाई स्कूटीवरून उतरणार, पाटी उपटणार आणि मास्तराची त्याच्याच पोरांदेखत बिनपाण्यानं करणार. कुणी दुकानापुढच्या झाडाच्या बुडात सिमेंट ओतलं, की पहार घेऊन हजर. लोक मागून तिला शिव्या घालायचे. काही जण तोंडावरही घालायचे. त्याचं तिला काही वाटत नसे.

एका वडापाशी मात्र ती हळवी होती. मठ गल्लीच्या तोंडाशी तो उभा होता. गाव टँकरवर जगत होतं त्या साली तिनं तो स्वतः खड्डा खणून लावला. तेव्हा तिची नोकरी नवी होती आणि पालिकेकडं माणसाला पाजायला पाणी नव्हतं, तर झाडाला कुठून देणार? गल्लीतल्या बायकांनी तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी आणून घातलं. साखराबाईनं तर सगळ्यांत जास्त. त्या पाण्यावर रोप तगलं. आता त्याची सावली रस्त्याच्या दोन्ही अंगांना पडायची आणि भाजीवाल्या तिथंच पाट्या मांडायच्या.

वड वयात आला म्हटल्यावर बायकांनी त्याला वटपौर्णिमेला धरला. धरू दे, पूजेला कोण नको म्हणतं? पण पूर्वी बायका कच्चं सूत गुंडाळायच्या. एका पावसाळ्यात ते कुजून गळून पडायचं. आता दुकानात लाल-पिवळा चकचकीत नायलॉनचा दोरा मिळतो. तो कुजत नाही, तुटत नाही. खोड जाड होत जातं आणि दोरा सालीत रुतत जातो. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली मुळांना उतरतं, ती वाटच आवळली जाते. वरून झाड हिरवंगार दिसतं आणि खाली मुळं उपाशी मरतात. शिल्पानं पूजेच्या आधी गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं, "बायांनो, कच्चं सूत आणा." सगळ्यांनी हाव हाव म्हणून माना हलवल्या आणि पौर्णिमेला नायलॉनच आणला.

शिल्पाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती छाटणीची कात्री घेऊन वडापाशी उभी राहिली. बरोबर अकरम होता. पालिकेची झाडं छाटायचं काम त्याच्याकडं.

"मॅडम, बायका बघून राहिल्या," तो हळूच म्हणाला. "चार दिवस जाऊ द्या ना. पूजा कालच झाली."

"चार दिवसांनी काय दोरा सैल होणार हाय का? धर खाली."

तिनं जुने-नवे सगळे दोरे कापले. जुने तर चिमट्यानं ओढून काढावे लागले, सालीत खाचा पडल्या होत्या. साखराबाई कमरेवर हात ठेवून आली. मागं तिची सून शिवकांता, कायम खाली मान घालून चालणारी.

"ये मॅडम, काय करायलाव ओ? आमच्या मालकांच्या नावचे दोरे हायत ते!"

"झाडाचा गळा आवळलाय तुमच्या दोऱ्यांनी."

"सवाशिणीचा दोरा तोडता? लाज कशी वाटंना? सवताचा नवरा नांदेडला ठिवलाय, तुमाला काय दोऱ्याची किंमत!"

"माझा नवरा काढू नका," शिल्पा म्हणाली. "तुमच्या गल्लीतले नवरे संध्याकाळी कुठं सापडतात ते मला सांगायला लावू नका."

आता हे बोलायची काही गरज होती का? नव्हती. पण बोलली. साखराबाईचा मुलगा दयानंद पितो आणि पिऊन बायकोवर हात टाकतो, हे भिंतीपलीकडून सगळी गल्ली ऐकत होती. साखराबाईचा चेहरा काळाठिक्कर पडला. शिवकांता तशीच मान घालून उभी होती.

आणि नशीब तरी कसं बघा. त्याच संध्याकाळी दयानंदची मोटरसायकल लातूर रोडच्या दुभाजकाला धडकली. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला. लातूरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा शुद्ध नव्हती. त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता हे उचलणाऱ्यांनी सांगितलं, पण ते कोण ऐकतो? गल्लीला कारण सापडलं होतं. झाडवालीनं दोरे कापले, म्हणून पोरगा पडला.

तिथून शिल्पाला गावात फिरणं मुश्कील झालं. स्कूटीच्या सीटवर शेण आलं. फोनवर बायका नाव न सांगता तळतळाट करायच्या. पालिकेसमोरचा चहावाला तिला बघून गॅस बारीक करायला लागला. तीही गप्प बसणारी नव्हती. शेणाच्या हातानंच ती एकीच्या दारात गेली आणि दाराला हात पुसून आली. शेण टाकणारी तीच होती की दुसरी, हे तिला माहीत नव्हतं.

मग गल्लीचा अर्ज आला. दोरे तोडलेला वड दारात नको, काढून टाका. बसवंत साहेबांकडं आरोग्य आणि उद्यान अशी दोन्ही खाती, आणि साहेबांचा जीव कायम शांततेत अडकलेला. त्यांनी शिल्पाला बोलावून घेतलं.

"उद्या मी गल्लीत येतोय. सगळ्यांदेखत साखराबाईची माफी मागा. पाया पडा. बाई निवळली की अर्ज मागं घेते, मी बोललोय तिच्याशी. नाही निवळली तर झाड धोकादायक दाखवून काढायला लावीन. मला दंगा नको."

"धोकादायक? साहेब, त्या झाडाला काय झालंय?"

"झाडाला काही नाही झालं. तुमच्या जिभेला झालंय."

शिल्पानं घरी जाऊन भांडी आदळली, आदळली आणि शेवटी ठरवलं. पडू पाया. म्हातारीच्या पायापेक्षा वड मोठा आहे. उभ्या आयुष्यात चूक नसताना तिनं कुणाची माफी मागितली नव्हती, पण त्या वडासाठी तीही मागायला ती तयार झाली.

दुसऱ्या दिवशी वडाखाली अख्खी गल्ली जमली. साहेब खुर्चीवर बसले. साखराबाई पारावर, भोवती बायका. शिवकांता दवाखान्याचा डबा भरून आली होती, ती मागं उभी राहिली. दयानंद शुद्धीवर आला होता, पण पाय महिनोन्‌महिने प्लॅस्टरमध्ये राहणार होता.

शिल्पा पुढं झाली. दात आवळून वाकली आणि साखराबाईच्या पायाला हात लावला. "माझं चुकलं. तुम्हाला विचारून कापायला हवं होतं. माफ करा."

साहेबांनी सुस्कारा सोडला. पण साखराबाईनं पाय मागं ओढला.

"इचारून? इचारायचं सोड. माझ्या लेकराचं आयुष्य मी कापलं, असं म्हण. सगळ्यांदेखत म्हण, मग झाड ठिव तुझं."

"ते मी म्हणणार नाही."

"का गं?"

"कारण ते खोटं आहे. तुमचा मुलगा पिऊन गाडी चालवत होता."

झालं! एकच गलका उठला. कुणी तिच्या अंगावर पाण्याचा तांब्या फेकला, कुणी पदर ओढला. अकरम मध्ये पडला तर त्याला ढकलून दिलं. साहेब खुर्चीवरून उठून "शांत राहा, शांत राहा" करायला लागले. शिल्पाला वाटलं, घालवलं आपण. दोन शब्द गिळता आले नाहीत आणि झाड घालवलं.

"मी बांधलाच न्हवता."

आवाज मोठा नव्हता, पण शिवकांताचा आवाज गल्लीत कुणी फारसा ऐकलाच नव्हता, म्हणून सगळे वळले. तिनं डबा खाली ठेवला.

"मी दोरा बांधलाच न्हवता औंदा. नुसत्या फेऱ्या मारल्या. हात मोकळाच फिरवला. हा नवरा सात जन्म कशाला, हाच जन्म नको झालाय मला. मॅडमनं माझं काय कापलं न्हाई. कापायला कायच न्हवतं."

मग साहेबांनी आधी तोंड उघडलं. माणूस चलाख. "मग तर विषयच मिटला. दोरा बांधलाच नव्हता तर कापला कुठून? झाडाचा दोष नाही, मॅडमचा दोष नाही. अर्ज मी निकाली काढतो. चला."

वड वाचला होता. शिल्पाला फक्त गप्प राहायचं होतं, आणि खरं तर तिच्या छातीवरचा दगड उतरलाही. तेवढ्यात साखराबाईनं सुनेचे केस धरले.

"रांडे! तू खाल्लंस माझ्या पोराला! चल निघ, आत्ताच्या आत्ता निघ माझ्या घरातून!"

आता पाठीशी उभ्या असलेल्या बायकाही धावल्या. मघाशी शिल्पावर ओरडणारी तोंडं तीच, हातही तेच. एकीनं शिवकांताच्या पाठीत बुक्की घातली, एकीनं गळ्यातल्या मंगळसूत्राला हात घातला. पोरगी खाली बसली. तिनं डोकंसुद्धा झाकलं नाही.

शिल्पाला ते बघवलं नाही. तिला विचार करायला वेळच नव्हता, आणि वेळ असता तरी ती विचार करणारी बाई नव्हती.

"सोडा तिला!" ती ओरडली. "खोटं बोलायली ती! बांधला होता तिनं दोरा. लाल होता. गाठ मारलेली मी बघितली आणि माझ्या हातानं कापली. मला वाचवायला बोलायली ती, भोळी हाय."

साखराबाईचा हात सैल पडला.

"साखराबाई, तुमच्या लेकराचं आयुष्य मी कापलं," शिल्पा म्हणाली. "तुमची सून सावित्री हाय. शिक्षा द्यायची तर मला द्या."

साखराबाईनं दिली. पुढं होऊन शिल्पाच्या थोबाडीत अशी मारली की चष्मा उडून पारावर पडला. झाड ठेवण्याचा शब्द म्हातारी कधीच विसरली होती, आणि त्याची आठवण करून द्यायची साहेबांची छाती नव्हती. उद्याच काढतो, असं त्यांनी हात जोडून गल्लीला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शिल्पा तिथं आली ती नोकरी म्हणून. वरून विजेच्या तारा गेलेल्या, फांद्या कशाही पाडल्या तर कुणीतरी मरायचं. तिनं अकरमला वर चढवलं आणि एकेक फांदी दोराला बांधून खाली घ्यायला लावली. गाल सुजला होता. गल्ली दारात उभी राहून बघत होती. भाजीवाल्या पाट्या उचलून पलीकडं उन्हात बसल्या आणि त्यांनीही तिलाच शिव्या घातल्या. सावली घालवली म्हणून.

फांद्या उतरल्या, नुसतं खोड उरलं, तेव्हा शिवकांता घरातून बाहेर आली. नवी साडी नेसली होती. केसांत गजरा होता. शिल्पाला वाटलं, पोरगी आभार मानायला येतेय. तिनं उगाच मान वळवली, तिला आभार घेता येत नसत.

"तुमाला कुणी सांगितलं होतं मधी पडायला?" शिवकांता म्हणाली.

शिल्पानं मान परत तिच्याकडं वळवली.

"माझा भाऊ भोकरवरून आला होता काल. गाडी घेऊन स्टँडवर बसला होता. मी सवताहून निघाले तर बाप दारात घेत न्हाई, दोनदा माघारी धाडलंय मला. चार लोकांदेखत हाकलली तर ठिवून घेतो म्हणला होता. म्हणून बोलले मी. लई दिस लागले मला ते बोलायला."

"अगं, पण त्या तुला मारत होत्या..."

"मारू द्या की. मार काय मला नवा हाय? दोन घटका मारलं असतं आन हाकललं असतं. ते सुटणं होतं माझं. तुमी मला सावित्री केलात."

"मी सांगते सगळ्यांना. आत्ता सांगते खोटं बोलले म्हणून."

"आता कोण ऐकतंय? तुमचं बी आन माझं बी? सासूनं भावाला बोलावून जेवू घातलं. माझी सून लाखात एक, म्हणली. तो खूश होऊन गेला गावाला." शिवकांताचे डोळे कोरडे होते आणि त्यांत इतका राग होता, की शिल्पानं आजवर गल्लीतल्या कुणाच्याही डोळ्यांत तेवढा पाहिला नव्हता. "परवा नवऱ्याला दवाखान्यातून आणणार हायत. अंथरुणातच सगळं करायचं म्हणं त्याचं. सावित्रीशिवाय कोण करणार?"

"मला माहीत नव्हतं गं."

"इचारलं होतं का?"

शिल्पा खाली पडलेल्या फांदीचा दोर सोडवायला लागली.

"शिवकांते, ये माय," साखराबाईनं दारातून हाक मारली. आवाजात साखर घोळली होती. "उन्हात नको थांबू. चहा झालाय."

शिवकांता गेली. आत जाताना तिची मान पुन्हा खाली झाली होती.

अकरम घाम पुसत मशीन घेऊन खोडापाशी उभा राहिला. त्यानं शिल्पाच्या तोंडाकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

"मॅडम, बुडातून घेऊ का?"

"घे," शिल्पा म्हणाली.