वळणाआधीची टकटक

"आंधळी आहेस का गं तू?"

नवरा फळ्यांच्या वाटेवरून ओरडला, तेव्हा ती गुडघ्यांच्या वरपर्यंत चिखलात उभी होती. सायकल शेजारी आडवी पडलेली, हँडलची एक मूठ तेवढी पाण्याबाहेर. लव्हाळ्यातून बगळे उडाले. प्रश्नाचं उत्तर 'हो' असं होतं, आणि ते तिच्याखेरीज फक्त एका डोळ्यांच्या डॉक्टरला माहीत होतं.

"घसरले," ती म्हणाली.

"कशावरून घसरलीस? फळ्या कोरड्या ठणठणीत आहेत. वाट उजवीकडे वळली, तू सरळ गेलीस. नाकासमोर! ब्रेकसुद्धा दाबला नाहीस."

मागून टपालवाली आली. रविवारच्या सायकलगटातली सगळ्यात सावकाश चालवणारी आणि सगळ्यात जास्त बोलणारी बाई. ती उतरली आणि वाकून हात पुढे केला. "लोक पार्लरमध्ये तोंडापुरता लेप लावतात. तू तर अख्खी आंघोळच उरकलीस. धर."

हात अगदी समोर होता. तिने तो हवेत चाचपला, एकदा डावीकडे, एकदा खाली. टपालवालीचं हसणं मध्येच थांबलं. तिने स्वतःच हिचं मनगट पकडलं आणि हिला बाहेर ओढलं.

नवऱ्याने आधी सायकल बाहेर काढली. चाकं फिरवून पाहिली, ब्रेक पाहिले. जन्मभर पाण्याचे पंप दुरुस्त केलेला माणूस. गटात सगळे त्याला मिस्त्री म्हणत. "सायकलला काही झालेलं नाही," त्याने जाहीर केलं.

"वा! म्हणजे चिंता मिटली," टपालवाली म्हणाली.

दोष शोधायचाच होता, तर तो मिस्त्रीच्याच सायकलमध्ये होता. मागचं चाक नवं होतं. मुलाने वाढदिवसाची भेट म्हणून ते आदल्या संध्याकाळी बसवून आणलं होतं. त्याचं वैशिष्ट्य हे, की ते अजिबात आवाज करत नव्हतं. जुन्या चाकातली कुत्री, म्हणजे दातेरी चक्रावर बसणाऱ्या आतल्या खिट्ट्या, झिजून सैल झाली होती. पॅडल थांबलं की ती अशी टकटकायची की झाडीतली पाखरं उठायची. मुलाचं त्यामुळे डोकं उठायचं. मिस्त्री मात्र वळणाआधी पाय थांबवायचा, हमखास. पाय थांबले की टकटक सुरू. टकटक उजवीकडे सरकली की मागून येणारी बायको उजवीकडे वळायची, खाली गेली की उतार. आवाज बंद झाला की पुढे सपाट आहे, मार पॅडल. पाणथळीच्या कडेने, झाडांच्या मुळांवरून, पानांच्या ओल्या थरातून ती अशीच त्याच्यामागे जात होती. गटात तिचं कौतुक व्हायचं. नवऱ्याची पाठ सोडत नाही, म्हणायचे.

पाठ तिला दिसतच नव्हती. सरळ बघितलं की जे बघायचं तेच पुसलं जायचं. कडेचं दिसायचं: पाणी, खोडं, उजेड. मधोमध एक राखाडी डाग, आणि जग त्याच्या भोवती. कडा राहतील, मधलं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. त्यानंतर तिने हॉस्पिटलच्या शिवणखात्यातली नोकरी सोडली. गुडघे दुखतात, असं घरी सांगितलं. शिवणयंत्र चालवायला गुडघे चालत नाहीत आणि रविवारी सायकल चालवायला चालतात, हे घरात कुणालाही खटकलं नाही.

दुपारी मुलगा आला. तो बसायच्या आत बापाने सगळं सांगून टाकलं, हात हवेत चाचपल्यासकट. मुलगा तिच्यासमोर उभा राहिला.

"आई, ही बोटं किती?"

"तू शाळेत घालायला आलायस का मला?"

"किती ते सांग."

"बोटं नाही दिसत. खांदा दिसतो. बोट नाचवणारा मुलगा आहे एवढं कळतं."

मुलाचा हात खाली आला. मग मिस्त्री हळू म्हणाला, "माझा चेहरा?"

"नाही."

"म्हणजे... मिशी..."

"कसली मिशी?"

ती काढून कित्येक महिने झाले, असं तो म्हणाला. बायको त्यावर एक शब्द बोलली नाही म्हणून तो तेव्हा आठवडाभर घुश्शात होता, हे तिला आठवलं. कारण आत्ता कळलं. तिला हसू आलं. ते पाहून तो भडकला.

"हसतेस काय! मी पुढे मजेत चाललोय, आणि मागे तू... एखाद दिवशी झाडावर आदळली असतीस म्हणजे? मला एका शब्दाने सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतं?"

"सायकल बंद केली असती!"

"म्हणूनच."

"हे बघ आई," मुलगा म्हणाला, आणि वळला बापाकडे. "बाबा, आता हिला एकटीला सोडायचं नाही. गॅसजवळ तर नाहीच. सायकलला मी कुलूप घालून जातो. किल्ली माझ्याकडे राहील, म्हणजे तुम्हाला नाही म्हणायची वेळ येणार नाही. रेडिओ आणून देऊ तिला."

"खुर्ची खिडकीपाशी घेऊ," मिस्त्री म्हणाला. "ऊन येतं तिथे."

"अहो, मी इथे आहे," ती म्हणाली. "डोळे गेलेत, कान नाहीत. काल रात्रीचा स्वयंपाक याच बाईने केलाय. तुम्ही दोघं मिटक्या मारत जेवलात, तेव्हा गॅस आठवला नाही? त्या खडखड्या चाकाच्या मागे मला कधी खरचटलंसुद्धा नाही. तू ते शांत केलंस, मी चिखलात गेले. कुलूप घालायचं तर त्या चाकाला घाल!"

"मला काय माहीत होतं?" मुलाचा आवाज चढला. "तूच लपवलंस ना?"

तिने समोरची कपबशी उचलली आणि आत नेली. मोरीत ती इतक्या जोरात ठेवली, की बशी फुटली. दोघेही धावत आले. तिला दिसत नाही म्हणून फुटली, अशी दोघांची समजूत झाली. राग आलाय म्हणून फोडली, हे पटवून देण्याच्या भानगडीत ती पडली नाही.

आठवड्यात मिस्त्री जुनं चाक शोधायला दुकानात जाऊन आला. भंगारात गेलं होतं. त्याला मनातून सुटल्यासारखं वाटलं, निदान तिला तरी त्याच्या आवाजात तसं ऐकू आलं.

रविवारी गट दारात आला.

"मिस्त्री, बाई कुठेत?" टपालवालीने विचारलं.

"तिला बरं नाहीये."

"मला बरं आहे!" ती आतून ओरडली, आणि दारात येऊन उभी राहिली. हेल्मेट डोक्यावर होतं. "मला कुलूप घातलंय."

टपालवालीने घंटी वाजवून दाखवली. "मी पुढे राहते की. घंटी वाजवत जाईन. नाहीतरी माझं तोंड बंद नसतंच, माझ्यामागे कोणीही येईल."

"पडली, हाड मोडलं तर जबाबदारी कुणाची?" मिस्त्री म्हणाला.

"माझी," बायको म्हणाली. "हाडही माझंच असेल. किल्ली मागवा."

"तो आज बाहेरगावी आहे."

"मग कुलूप तोडा. आयुष्यभर गंजलेले नट तोडलेत तुम्ही."

तो फाटकाशी बराच वेळ उभा राहिला. त्याचे बूट खडीवर एकदा घराकडे वळले, एकदा रस्त्याकडे. मग तो म्हणाला, "तास-दोन तासांत येतो." टाचेचा आवाज, खोगिराची कुरकुर. त्यापुढे काहीच नाही. तो गेला की तिथेच आहे, हे तिला कळेना. नवं चाक खरोखर उत्तम होतं.

मग कोपऱ्यावर घंटी वाजली. तिथून उतार होता, घंटी वाजवायचं काही कारण नव्हतं. टपालवालीने ती लांबवर वाजवत नेली. उजवीकडे. आज पाणथळीकडेच गेले होते.

ती मागच्या अंगणात गेली. तिची सायकल नळाच्या पाइपला पुढच्या चाकाने जखडलेली होती. चिखल वाळून फ्रेमला चिकटला होता. तो कुणी धुतला नव्हता. तिने तो नखांनी खरवडून काढला. मग एक हात भिंतीला टेकवून ती खोगिरावर बसली, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि पॅडल उलटं फिरवायला लागली.

तिच्याच मागच्या चाकातून टकटक सुरू झाली. तिने मान कलती करून ऐकलं. आवाज डावीकडे सरकला नाही, उजवीकडे सरकला नाही, उतारालाही लागला नाही. तिने पाय आणखी जोरात फिरवले.