तिर्सासाठी बोललेला नवस

होग्लाच्या लेकीला, तिर्साला, ताप भरून चौथा दिवस होता. लेकरू डोळे उघडेना. पण अशातही होग्लाची नजर सवतीवरून हटत नव्हती. सवत घरात आल्या दिवसापासूनची खोड ती, लेक आजारी पडली म्हणून थोडीच जाणार? ती सवत, धाकटी सिब्या, अंजिराखाली गुडघे टेकून काहीतरी पुटपुटत होती.

माझी पोर हातची जातेय आणि ही मेली स्वतःच्या कुशीसाठी नवस बोलतेय, असंच होग्लाला वाटलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्या नियमशास्त्राप्रमाणे बायकोचा नवस ज्या दिवशी नवऱ्याच्या कानावर येईल, त्याच दिवशी तो मोडायचा हक्क नवऱ्याला असे. दिवस सरला की नवस पक्का. होग्ला तापलेल्या पोरीला तशीच टाकून खळ्यावर नवऱ्याकडे, अजूरकडे धावली.

"अहो, धाकटी नवस बोललीय. दिवस मावळायच्या आत काय ते बघा."

अजूर आला. "काय बोललीस गं?"

"जन्मभर अंगाला तेल लावणार नाही, द्राक्षारसाला शिवणार नाही," सिब्या म्हणाली.

"म्हणजे जन्मभर सुतकी तोंड घेऊन घरात वावरणार? काही नको. मोडला."

"कशासाठी ते तरी विचारा."

"मूल पाहिजे, दुसरं काय मागणार ही?" होग्ला मध्येच म्हणाली. "गोठ्यातल्या शेळ्यासुद्धा व्यायल्या, हिचंच अडलंय."

सिब्याचा चेहरा उतरला. अजूर तोवर पाठ फिरवून निघालाही होता. मळणी अर्धी पडली होती.

तिर्सा दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

शोकाचे सात दिवस संपले. घरातल्या बायकांनी न्हाऊन केसांना तेल लावलं. सिब्या कोरड्याच केसांनी बसली. होग्लाला तेही सहन झालं नाही.

"आता हे सोंग कशाला? नवस मोडला ना तुझा?"

"तिर्सासाठी बोलले होते, अक्का. ती उठू दे, एवढंच मागितलं होतं."

नवसाने पोर वाचली असती की नाही, ते परमेश्वर जाणे. पण तिच्यासाठी पसरलेला पदर आईनेच ओढून काढला होता, आणि हे आता कुणालाच फिरवता येणार नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"खरं वाटलं असतं तुम्हाला?"

होग्लाला हो म्हणायचं होतं. तेवढं खोटं बोलायला तिची जीभ उचलली नाही.