पाय ब्रेकवरच होता

मित्रांनो, मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची आणि गडद हिरव्या रंगाची. माझी सीट जमिनीला इतकी लागून आहे की माझ्यात लोक बसत नाहीत, उतरतात. त्यामुळे मी फक्त तरुणांसाठी आहे असा सगळ्यांचा समज असतो. खरे सांगायचे तर बरीच वर्षे माझाही तसाच समज होता.

माझे पहिले मालक एक तरुण हॉटेलवाले होते. ते मला रोज स्वतःच्या हाताने पुसत. सिग्नलला थांबलो की शाळेची मुले काचेला नाक लावून आत बघत, आणि मालक मुद्दाम इंजिनाचा आवाज काढत. ते दिवस कौतुकाचे होते. मग मालकांचे लग्न झाले, बाळ झाले, आणि बाळाला ठेवायला माझ्यात जागाच नव्हती. मला शेडमध्ये नेऊन ताडपत्रीखाली उभे केले. टायर बसले, बॅटरी मेली, आणि एका उंदरिणीने माझ्या सीटमध्ये संसार थाटला. मला वाटले, संपले आपले.

एके दिवशी ताडपत्री निघाली, तेव्हा समोर पांढऱ्या केसांच्या एक बाई उभ्या होत्या. त्या दातांच्या डॉक्टर होत्या. सगळे गाव त्यांना डॉक्टरीणबाई म्हणे, कारण त्या गावातल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी त्यांच्यापुढे तोंड उघडले होते. नुकताच त्यांनी दवाखाना बंद केला होता. त्यांनी माझे बॉनेट उघडले, आत वाकून पाहिले, एका नळीला बोटाने टकटक केले आणि म्हणाल्या, "मुळं चांगली आहेत. वाचेल."

अशी मी अडुसष्ट वर्षांच्या बाईंची झाले.

लोक हसले. हसणारच. समोरच्या घरातले निवृत्त काका तर फाटकाशी येऊन म्हणाले की साठी बुद्धी नाठी हे ऐकून होतो, आता डोळ्यांनी पाहिले. कोणी म्हातारचळ म्हणाले. बाईंनी मनावर घेतले नाही. माझ्यात बसायची त्यांनी एक रीत बसवली होती: आधी पाठमोरे बसायचे, मग दोन्ही पाय जोडून आत घ्यायचे. दवाखान्याच्या खुर्चीत त्या पेशंटना असेच बसवत. शेजारच्या सीटवर त्यांच्या नणंद बसत. बाई त्यांना वन्सं म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. वन्संनी आयुष्यभर टेलिफोन ऑफिसात इतरांचे फोन जोडून दिले होते आणि स्वतः बोलायचे राहून गेले होते. ती कसर त्या माझ्यात बसून भरून काढत. दोघी मला घेऊन तळ्यापर्यंत जात, नुसत्याच बसून राहत आणि परत येत.

बाई गाडी कशी चालवत म्हणून विचाराल, तर हलक्या पायाने. चाळीस वर्षे त्यांनी दात कोरायचे यंत्र पायाने चालवले होते. पाय केसभर जास्त पडला तर पेशंट छताला लागायचा, असे त्या सांगत. तसा पाय मला हॉटेलवाल्यांचाही कधी मिळाला नव्हता.

पण घरच्यांपैकी एक माणूस धास्तावलेला होता. तो म्हणजे बाईंचा मुलगा. तो दोन गल्ल्या सोडून बायको-मुलीबरोबर राहत असे. वाईट नव्हता तो. फक्त भित्रा होता, आणि ज्याच्यावर आपली माया असते त्याच्याबद्दल माणूस जसा भित्रा असतो तसा होता. एकदा माझ्या दाराला टेकून तो बाईंना म्हणाला, "आई, ऑफिसात फोन वाजला की मला आधी तुझी गाडीच दिसते. तू पंचाहत्तरीला आलीस. ही काय गाडी आहे तुझ्यासाठी?"

बाईंनी विचारले, मग माझ्यासाठी कोणती गाडी आहे?

पुढे माझ्या जुन्या मेकॅनिकने गॅरेज बंद केले, तेव्हा मुलगा म्हणाला की आता गाडीची देखभाल मी बघतो. बाईंना बरे वाटले. तो मला एका मोठ्या, चकचकीत ठिकाणी नेई. तिथे मला धूत, ऑइल बदलत आणि परत पाठवत. ब्रेक उघडून बघायचे का, असे तिथल्या माणसाने एकदा विचारले होते. मुलगा म्हणाला की राहू द्या, वर्षभरात विकायचीच आहे.

मित्रांनो, तेव्हापासून माझी झोप उडाली. माझ्या ब्रेकच्या आत एक लहानसे रबर असते. पाय दाबला की ते ब्रेकचे तेल अडवून धरते आणि चाके थांबतात. ते रबर झिजत चालले होते. पाय झटकन दाबला तर ब्रेक लागे. पण कोणी पाय तसाच दाबून धरला, तर तेल रबराच्या कडेने हळूच मागे सरके आणि पायाखालचे पेडल खाली खाली जाई. रोज नाही, कधीतरी. हे मला कळत होते, पण सांगणार कशी? मला हॉर्न आहे, पण तो कोणीतरी दाबावा लागतो.

जे व्हायचे ते बाजारातल्या उतारावर झाले. सिग्नल लाल होता. आमच्या पुढून एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. बाईंनी ब्रेकवर पाय ठेवला होता आणि वन्सं कोणाच्या तरी साखरपुड्याची हकिकत सांगत होत्या. पेडल बुडू लागले. मी पुढे सरकले. बाईंनी जोर लावला, पेडल तळाला टेकले, आणि मी सरकतच राहिले. बाबागाडीचे चाक माझ्या नाकापासून हातभर अंतरावर आले. बाईंनी हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग कचकन फिरवले आणि मला फुटपाथवरच्या खांबावर घातले.

कोणाला लागले नाही. माझा एक दिवा फुटला. बाबागाडीवाली बाई रडत होती आणि भोवती गर्दी जमली होती. गर्दीने निकाल लगेच दिला: पाय चुकला, ब्रेकऐवजी भलतेच दाबले, वय झाले की असे होते. वन्सं परोपरीने सांगत होत्या, "तिचा पाय ब्रेकवरच होता. मी बघितलाय." पण वन्सं बाहत्तरच्या होत्या. मुलाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "असू दे आत्या."

मला गॅरेजात नेले. तिथल्या माणसाने ब्रेक दोनदा खटाखट दाबला आणि उत्तम आहे म्हणून सांगितले. झाले. गाडी उत्तम, म्हणजे माणूस बिघडलेला. बाईंनी किल्ली स्वतःच मुलाच्या हातात ठेवली.

त्यानंतरचा महिना मी विसरणार नाही. माझी जागा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आहे, त्यामुळे सगळे ऐकू येई. ज्या बाईंनी गावाच्या अक्कलदाढा न डगमगता काढल्या, त्या वन्संना पुन्हा पुन्हा विचारू लागल्या की गॅस बंद केला ना मी? नळ? दाराची कडी? रस्ता ओलांडताना त्या वन्संचा हात धरू लागल्या. एकदा दुपारी उघड्या दारातून पाहिले, तर त्या खुर्चीवर बसून उजवा पाय एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर नेत होत्या. तिथून परत. पुन्हा पुन्हा. पाय बरोबर जागी पडत होता, पण त्यांचा त्यावर विश्वास बसत नव्हता.

वन्सं आत आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, पुरे."

"वन्सं, मला आठवतंय की मी ब्रेकच दाबला होता," बाई म्हणाल्या. "पण दुसरं दाबलं असतं, तरी मला असंच आठवलं असतं ना?"

वन्सं बाहेर आल्या, माझ्या टपावरची धूळ पदराने पुसली आणि तशाच उभ्या राहिल्या.

मुलाला गिऱ्हाईक मिळाले. डोंगरापलीकडच्या गावातले एक तरुण जोडपे होते. माझा दिवा नवा बसला. रविवारी सकाळी मुलगा मला स्वतः तिकडे पोचवणार होता आणि त्याच्या छोट्या मुलीने हट्ट धरला होता की शेवटची चक्कर मलाही हवी. डोंगराचा रस्ता म्हणजे वळणावळणाचा लांबच लांब उतार. तिथे कोणीही ब्रेकवर पाय ठेवूनच असते. तो रविवार उजाडू नये म्हणून मी काय काय नवस बोलले असेन. गाडीचा नवस कोणत्या देवाला पावतो, मला माहीत नाही.

रविवार उजाडला. नातीला शेजारच्या सीटवर बसवून पट्टा लावला. मुलगा बसणार, इतक्यात बाई पायऱ्या उतरून आल्या. महिनाभर त्यांनी मला हात लावला नव्हता. म्हणाल्या, "मला एकदा बसू दे. चालवत नाही, नुसती बसते."

मुलगा बाजूला झाला. बाई पाठमोऱ्या बसल्या, पाय आत घेतले. आरसा आपल्या उंचीला लावला आणि वेगाच्या काट्यावरची काच बाहीने पुसली. हे करताना सवयीने त्यांचा उजवा पाय ब्रेकवर गेला आणि तिथेच राहिला.

मी मनात म्हटले, पाय काढू नका बाई. थोडा वेळ तसाच ठेवा.

पेडल बुडू लागले. बाईंचा हात काचेवरच थांबला. त्यांनी पाय उचलून पुन्हा दाबला. ब्रेक कडक लागला. त्यांनी तो दाबून धरला आणि डोळे मिटले. एखाद्या दाढेत कीड कुठवर गेली आहे याचा अंदाज घेताना त्या तशाच डोळे मिटत असतील. पेडल हळूहळू तळाला गेले.

"पोरीला खाली उतरव," त्या म्हणाल्या.

मुलाच्या चेहऱ्यावर दमणूक आली. "आई, आता नको ना. आपलं ठरलंय."

"गाडी विकू नको असं मी म्हणत नाही. पोरीला खाली उतरव आणि तू इथे बस."

त्यांच्या आवाजात काहीतरी होते. त्याने मुलीला उतरवले. तो बसला आणि त्याने ब्रेक दाबला. म्हणाला, लागतोय की चांगला.

"पाय उचलू नको. धरून ठेव."

समोरचे काका फाटकाशी येऊन उभे राहिले होते. मुलाचा गुडघा आधी वाकलेला होता, तो हळूहळू सरळ होत गेला. पेडल तळाला टेकले तेव्हा त्याने आधी पायाकडे पाहिले, मग अंगणात उभ्या असलेल्या मुलीकडे. वन्संना आयुष्यात पहिल्यांदा आयती संधी मिळाली होती, 'मी सांगितलं होतं' म्हणायची. पण त्या पोरीचा हात धरून आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी ब्रेक उघडले. झिजलेले रबर मुलाने कागदात गुंडाळून घरी आणले आणि टेबलावर ठेवले. म्हणाला, "आई, चूक तुझी नव्हती. माझी होती."

"ते कळलं मला," बाई म्हणाल्या. "पण महिनाभर मी स्वतःला वेडी समजत होते. गर्दीनं म्हटलं ते म्हटलं, पण मीही मान्य केलं. का, तर वय झालंय म्हणून. त्याचं काय करू?"

त्याने खिशातून माझी किल्ली काढली आणि त्या रबराशेजारी ठेवली.

तुम्हाला वाटेल, बाई लगेच किल्ली घेऊन निघाल्या असतील. तसे झाले नाही. भीती एकदा घरात शिरली की सहजी जात नाही. त्यांनी आधी डोळे तपासून घेतले. मग मुलाला म्हणाल्या की माझ्या शेजारी बस, जे चुकेल ते खरे खरे सांग, पण वय सांगू नकोस, ते मला पाठ आहे. मुलगा गुडघे छातीशी घेऊन माझ्यात बसला. वाटेत तो आपल्या बाजूला नसलेला ब्रेक इतक्या जोराने दाबत होता की माझ्या तळाला भोक पडते की काय असे मला वाटले. बाईंचे हातही गार पडले होते, ते मला स्टिअरिंगवर कळत होते. बाजारातल्या उतारावर आम्ही तिघेही श्वास धरून होतो. सिग्नल हिरवा झाला आणि आम्ही निघालो, इतकेच.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "चांगली चालवतेस. पण बाजूला घेताना मागे वळून बघत नाहीस."

बाई रागावतील असे मला वाटले. त्या म्हणाल्या, "मान वळत नाही रे आता."

हे खरे होते, आणि यात माझा काही दोष नव्हता. मग मला दोन मोठे आरसे बसवले. ते मला अजिबात शोभत नाहीत, हत्तीचे कान मांजराला लावावेत तशी मी दिसते. आणि अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही, असे बाईंनी स्वतःच ठरवले. डोंगरापलीकडच्या जोडप्याला मुलाने नाही म्हणून कळवले. आता तो दर महिन्याला मला एका नव्या मेकॅनिककडे नेतो आणि ब्रेक उघडून बघेपर्यंत तिथून हलत नाही.

बाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. गेल्या आठवड्यात सकाळी धुके होते. त्या किल्ली घेऊन पायरीवर उभ्या राहिल्या, रस्त्याकडे पाहिले, "आज नको," म्हणाल्या आणि बसने गेल्या. मी दिवसभर बेचैन होते. आजचाच 'नको' आहे, की कायमचा? तो दिवस येणार आहे हे मला माहीत आहे. तो बाईंनी ओळखावा, दुसऱ्या कोणी त्यांच्यावर लादू नये, एवढेच माझे मागणे आहे. दुसऱ्या दिवशी ऊन पडले आणि त्या दोघी आल्या. वन्सं बसायच्या आधीच बोलू लागल्या होत्या.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची निगा राखा. विकायचेच आहे म्हणून त्यांच्याकडे डोळेझाक करू नका. आणि एखाद्या वृद्ध माणसाच्या हातून काही चुकले, तर आधी नीट बघा, विचारा, तपासा. वय सगळ्यात शेवटी मोजा. भीती वाटते म्हणून कोणाच्या हातातली किल्ली काढून घेऊ नका. भीती तर मलाही वाटते, रोज वाटते. तरीही बाईंनी किल्ली फिरवली की मी सुरू होते.