शेवटचा येईपर्यंत

आमच्या सायकल क्लबात नकाशा एकाच्याच खिशात असतो, गॉर्डन प्रीसच्या. बाकीच्यांनी तोंड मिटून मागे चालवायचं. श्रॉपशरच्या या डोंगरांत रस्ते इतके अरुंद आणि दोन्ही बाजूंची कुंपणं इतकी उंच, की पुढचा माणूस एकदा वळणाआड गेला की गेलाच. म्हणून क्लबाची जुनी रीत आहे. प्रीस वळला की त्याच्या लगेच मागचा माणूस त्या कोपऱ्यावर उतरतो आणि हात लांब करून उभा राहतो. सगळे त्याच्यासमोरून जातात. सगळ्यांत मागे एक ठरलेला माणूस असतो, तो आला की मगच कोपरा सोडायचा. पाऊस असो, भूक लागो, लघवी लागो. चाळीस वर्षांत या रीतीने कोणी हरवलं नव्हतं. हरवले ती मी, आणि तेही सख्ख्या भावामुळे.

विल्फ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. मला सायकल त्यानेच शिकवली, चर्चमागच्या उतारावर, सीट धरून पळत पळत. साठी उलटली तरी मला ‘शेंडेफळ’ म्हणायचा. त्या फेब्रुवारीत मी शेवटची होते आणि विल्फने एक कोपरा धरला होता. धरला आणि सोडला. कुंपणात अडकलेलं कोकरू दिसलं म्हणे, ते सोडवलं आणि गडी निघून गेला पुढे. मी सरळ गेले ते अकरा मैल, एका बंद पडलेल्या खाणीपर्यंत.

चहाच्या ठिकाणी पोचले तेव्हा माझं डोकं फिरलेलं होतं. चारचौघांत मी त्याच्यावर तोंड सोडलं. म्हटलं, "मी येईपर्यंत कोपऱ्यावरून हलायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही. समजलं का?" विल्फने खिशातून पेन्सिल काढली, एका चिठ्ठीवर ते शब्द लिहून घेतले आणि हँडलवरच्या पिशवीत ठेवले.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलेलंच होतं. अलीकडे तो सगळंच लिहून ठेवायचा. दाराला कुलूप लावलं का, मांजराला घातलं का, आज वार कोणता. दोनदा किटली जाळली होती. मी कोणाला बोलले नाही. प्रीसला कळलं असतं तर त्याने विल्फला घरी बसवला असता, आणि रविवारची सायकल काढून घेतल्यावर माझ्या भावाजवळ उरलं असतं काय? मांजर.

मार्चमधला तो रविवार उजाडला छान. ऊन इतकं की दोघातिघांनी हातमोजेसुद्धा घेतले नाहीत. पण गावाबाहेर पडतो न पडतो तोच इथला शेतकरी हेमर मेंढ्या घेऊन डोंगरावरून खाली येताना दिसला. विणीच्या दिवसांत, बारक्या कोकरांसकट, ट्रॅक्टर मागे ठेवून, घाईने. शेतकरी असं उगाच करत नाही. प्रीसला तो म्हणाला की आज वर जाऊ नका, उत्तरेकडच्या वाऱ्याचा वास बरा नाही. प्रीस म्हणाला, पलीकडे बावीस जणांचं जेवण सांगून ठेवलंय. हेमरने खांदे उडवले. मेंढ्या आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या, एकीनेही तोंडातून आवाज काढला नाही. मला ते आवडलं नाही, पण मीही पॅडल मारलं.

निघताना विल्फने विचारलं, "आज शेवटची तूच ना?" म्हटलं, हो. पाच मिनिटांनी परत तेच विचारलं. मी खेकसले, "हो रे बाबा, मीच." तो हसला आणि पुढे गेला. पहिलाच कोपरा त्याच्या वाट्याला आला. मी पोचले तेव्हा हात ताणून ताठ उभा होता, शाळेच्या फोटोला उभा राहिल्यासारखा. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, झाली याची पाळी.

डोंगराच्या पायथ्याशी सार्वजनिक टेलिफोनचा डबा आहे, तिथे माझं मागचं चाक बसलं. सगळे तोवर चढाला लागले होते. वर कोल्ड ओकचा फाटा, दिवसातला शेवटचा कोपरा. तिथून सरळ उतार, थेट जेवणापर्यंत. मी ट्यूब काढली, ठिगळ लावलं, ते धरेना. ऊन कधी गेलं ते कळलंच नाही. बर्फाचं पाणी तिरकं यायला लागलं आणि बोटं माझी असून माझी राहिली नाहीत. दुसरं ठिगळ बसेपर्यंत बारा वाजून गेले होते.

आता सांगते ते आजवर क्लबात कोणाला धड सांगितलेलं नाही. मी बावीस वर्षं या भागात टपाल वाटलंय. डब्याच्या मागून ओढ्याकाठाने एक रस्ता जातो, दोन मैलांत पलीकडच्या गावात. डोंगरावरून सात. मी वर पाहिलं, डोंगर दिसतच नव्हता. मनात म्हटलं, कोल्ड ओकला जो कोणी असेल तो दहा मिनिटं थांबेल, दातखीळ बसली की निघेल. शहाणा माणूस तेच करेल. आणि विल्फची पाळी तर झालेली होती. मी ओढ्याचा रस्ता धरला.

खानावळीत शिरले तर काचांवर वाफ, टेबलांवर मटण भरलेली पेस्ट्री, आणि मला बघून सगळ्यांना थट्टेचा चेव चढला. राणीसाहेब आल्या, कोणीतरी म्हणालं. प्रीस मात्र माझ्या मागे दाराकडे बघत होता.

"विल्फ कुठाय?" त्याने विचारलं.

म्हटलं, मला काय माहीत, तुमच्याबरोबर असेल.

"एनिड, कोल्ड ओक त्याने धरलाय. पाळी दुसऱ्याची होती, पण ऐकेना. म्हणाला, मागे माझी बहीण आहे, मीच थांबतो. आम्हाला वाटलं, दोघं मिळून येताय."

घड्याळात एक वाजायला आला होता. साडेअकराला त्यांनी त्याला तिथे सोडलं होतं. मी ओले हातमोजे परत चढवले. प्रीस काही न विचारता माझ्याबरोबर निघाला, ते बरं केलं, विचारलं असतं तर मी काय सांगणार होते?

चार मैल चढ. वर पाण्याचा बर्फ झाला होता. अर्ध्यावर समोरून दिवे लावून हेमरचा ट्रॅक्टर आला, मागच्या ट्रॉलीत राहिलेल्या मेंढ्या. त्याने इंजिन बंद केलं. म्हणाला, तुमचा म्हातारा वर आहे. जाताना सांगितलं ट्रॉलीत बस, तर चिठ्ठी दाखवली. बहीण आल्याशिवाय हलता येत नाही म्हणाला.

"येताना परत थांबलो," हेमर म्हणाला. "तर मला पहिल्यांदाच बघितल्यासारखं बोलला. परत तीच चिठ्ठी. मी माझं पोतं त्याच्या खांद्यावर टाकलं. ओढायला गेलो तर मारायला धावला, बाई. म्हणून मदत आणायला निघालो." त्याने ट्रॅक्टर वळवायला घेतला, पण त्या अरुंद रस्त्यात ट्रॉलीसकट वळेना. आम्ही थांबलो नाही.

कोल्ड ओकला विल्फ पाटीच्या खांबाला टेकून उभा होता. सायकल नीट लावलेली, पुढचं चाक उताराकडे. उजवा हात लांब केलेला आणि त्या हातावर बोटभर बर्फ. तो कुडकुडत नव्हता. थंडी पार आत शिरली की कुडकुडणं थांबतं, त्याचीच मला भीती वाटली. तो टेलिफोनच्या डब्याकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत होता, आमच्याकडे पाठ करून.

मी हाक मारली. त्याने मान वळवून मला पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा तोंड फिरवलं.

म्हटलं, "विल्फ, मी आले. चल."

"तू इकडून कशी?" जीभ जड झाली होती त्याची. "शेवटचा तिकडून येतो. शेवटचा अजून यायचाय."

मी सांगितलं, शेवटची मीच. त्याने मान हलवली. प्रीसने हात धरला तर त्याने तो असा झटकला की प्रीस पडता पडता राहिला. मी रडले, शिव्या दिल्या, चिठ्ठी फाडते म्हणाले. तो त्या रस्त्याकडे बघतच राहिला. माझेच शब्द होते ते, आणि माझ्यापेक्षा त्यांचंच तो ऐकत होता.

मग मी सायकल उचलली. त्याच्यासमोरून खाली त्या रस्त्याने गेले, कुंपणाच्या वळणाआड, दोनशे पावलं असतील. तिथे सायकल फिरवली आणि चालवत वर आले, जिकडून यायला हवं होतं तिकडून.

त्याने मला लांबूनच पाहिलं. सगळा चेहरा उजळला त्याचा.

"आलीस, शेंडेफळ?"

"आले. माझ्या मागे कोणी नाही."

"मग आता हलू?"

म्हटलं, "हो दादा, हल आता."

तेव्हा त्याने हात खाली केला. हाताबरोबर गुडघेही गेले. प्रीसने आणि मी त्याला धरलं, हेमर ट्रॅक्टर घेऊन आला तेव्हा मेंढ्यांच्या मधोमध, उबेत, त्याला निजवलं. डोकं माझ्या मांडीवर होतं. खाली गावात डॉक्टर दारातच उभा होता, पण तोवर विल्फ गेला होता.

चर्चमध्ये सगळे त्याच्याबद्दल चांगलं बोलले. कोपरा असा धरावा, म्हणाले. नंतर प्रीस माझ्याजवळ आला. मी जी खाली जाऊन परत आले, त्या दोनशे पावलांना गेलेला वेळ मनाला लावून घेऊ नकोस, त्याने काही फरक पडला नसता, म्हणाला. भला माणूस आहे. त्याला वाटतं, मी त्या दोनशे पावलांसाठी रडते. मी ओढ्याकाठच्या त्या दोन मैलांसाठी रडते.

चिठ्ठी माझ्याकडेच आहे. रविवारी आता दर वेळी शेवटची मीच असते, आणि मला कोणी घाई करत नाही.